वरची गल्ली, खालची गल्ली आणि अक्षरझेप

अनुजाची नोकरी राहणार की जाणार, हे दुसरीतल्या पोरांच्या वाचनावर ठरणार होतं, आणि ही आफत तिनं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतली होती. गप्प बसली असती तर निदान उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत कुणी तिच्याकडं वळून बघितलं नसतं. पण गप्प बसणं तिला जमत असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

झालं असं, की तिच्या शाळेचे अध्यक्ष हंबीरराव, ज्यांना सगळं कोल्हापूर नाही तरी निम्मं आबा म्हणायचं, ते एका शैक्षणिक प्रदर्शनाला गेले आणि येताना 'अक्षरझेप' डोक्यात घेऊन आले. अक्षरझेप म्हणजे वाचन शिकवायचा कार्यक्रम. टॅबलेटवर चित्र, चित्राखाली अक्षर, अक्षराला बोट लावलं की टाळ्या. पोरगं समोर बसवायचं, ते आपोआप वाचायला लागतं, बाईंनी फक्त चार्जिंग बघायचं. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'संशोधनाने सिद्ध'. आबांचा धंदा दुधाचा. फॅट तपासायची, पाणी किती ते कळायला डिग्री तपासायची आणि मगच कॅन आत घ्यायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा रिवाज. सिद्ध झालेल्या वस्तूबद्दल त्यांना फार प्रेम होतं.

आणि अनुजाचं शाळेतलं काम काय, तर वाचनाचा तास. मूळची गगनबावड्याची ही मुलगी कंत्राटावर लागली होती. दुसरीच्या अ आणि ब अशा दोन्ही तुकड्यांना रोज एकेक तास ती वाचायला शिकवायची. आधी आवाज, मग आवाजांची जोडणी, मग चार ओळींची गोष्ट. अडखळणारं पोरगं एके दिवशी अख्खं वाक्य सरळ वाचतं आणि आपणच दचकून वर बघतं, त्या एका क्षणासाठी ती दिवसभर घसा फोडायला तयार असायची. अक्षरझेप आली की हा तास जाणार होता, आणि तास गेला की अनुजा गावी जाऊन चुलत्याच्या दुकानात झेरॉक्स मशीनपुढं उभी राहणार होती. चुलत्यानं तर स्टूलसुद्धा पुसून ठेवलं होतं.

पण आबा न्यायी माणूस. त्यांनी समिती नेमली. संशोधन तपासा आणि सांगा, म्हणाले. समितीत तिघं होते. पहिल्या त्रिशला चौगुले, अ तुकडीच्या वर्गशिक्षिका, हातकणंगल्याहून रोज येणाऱ्या. त्यांच्या पर्समध्ये प्रत्येक वस्तूला कप्पा होता आणि प्रत्येक कप्प्याला चेन. दुसरे उदयसिंह, खेळाचे सर, जे समितीत आले कारण त्या तासाला ते मोकळे होते. तिसरी अनुजा, कारण कागद इंग्रजीत होते आणि ती ते न घाबरता वाचायची. आपली नोकरी ज्यावर टांगलीय तेच आपण तपासणं बरं दिसत नाही, असं तिनं आबांना तोंडावर सांगितलं. आबा म्हणाले, तू लबाडी केलीस तर त्रिशलाबाई हायत की.

शाळा सुटल्यावर तिघं स्टाफरूममध्ये बसायचे. मध्ये त्रिशलाबाईंच्या घरचे केळ्याचे वेफर आणि त्यांच्याभोवती अक्षरझेपची संशोधनं. पहिलं संशोधन उघडलं तर त्यात पालकांना नुसतं विचारलं होतं, कार्यक्रम आवडला का. पालक म्हणाले, आवडला. संपलं संशोधन. दुसऱ्यात पोरांची परीक्षा कार्यक्रमानंतर घेतली होती, आधी घेतलीच नव्हती. ती आधीपासूनच वाचत असतील, असं त्रिशलाबाई शांतपणे म्हणाल्या आणि कागद पालथा घातला. तिसऱ्यात आधीही घेतली होती, पण तळाच्या बारीक अक्षरांत कबुली दिली होती, की पहिली परीक्षा क्रीडास्पर्धेच्या दिवशी भर उन्हात झाली आणि दुसरी गार खोलीत, खाऊ वाटून. चौथ्यात मधेच सोडून गेलेली पोरं मोजली नव्हती, आणि सोडून गेली होती ती नेमकी न वाचणारी.

"म्हंजे हरलेल्या मॅचा मोजायच्याच न्हाईत," उदयसिंह म्हणाले, "आन सांगायचं, आमचा संघ कवा हरलाच न्हाय."

पाचवं संशोधन म्हणजे चौथंच होतं, फोटो बदललेला. ते लक्षात आल्यावर त्रिशलाबाईंसारख्या त्रिशलाबाईंना हसू आवरेना. त्या पर्सच्या एकेका कप्प्यात रुमाल शोधत राहिल्या आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. उदयसिंह टेबलावर थापा मारत होते. अनुजा तर खुर्चीवरून घसरलीच. शिपाई धावत आला, त्याला वाटलं कुणाला भोवळ आली.

हसून झाल्यावर त्रिशलाबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आता तुझ्या तासाचं संशोधन काढ."

अनुजाचं हसू तिथंच विरलं. तिच्या तासाचं संशोधन नव्हतं. पोरं वाचायला लागतात हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, पण ती तिच्यामुळं लागतात, की वय वाढतं म्हणून लागतात, हे तिला कुठं माहीत होतं. तिला राग आला, मग लाज वाटली, आणि शेवटी तिनं अहवालात दोन वाक्यं लिहिली. अक्षरझेप सिद्ध झालेली नाही. वाचनाचा तासही सिद्ध झालेला नाही. दुसरं वाक्य गाळायचा मोह तिला झाला होता, पण त्रिशलाबाई शेजारीच बसल्या होत्या.

आबांनी अहवाल वाचला आणि मिशीला हात लावून विचारलं, "मग सिद्ध हुतंय कसं?"

इथं अनुजानं गप्प बसायला हवं होतं. तिनं उभं राहून समजावून सांगितलं. सारखे दोन गट घ्यायचे. कुणाला नवं द्यायचं आणि कुणाला जुनं, ते नशिबावर सोडायचं. आधी परीक्षा, नंतर परीक्षा, आणि परीक्षा घेणाऱ्याला कळता कामा नये की पोर कुठल्या गटातलं. आबांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. तरुणपणी ते फुटबॉलमध्ये बॅक खेळलेले.

"म्हंजे मॅच," ते म्हणाले.

मॅच नाही, चाचणी, असं तिनं सांगून बघितलं. तेच की, आबा म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथं निकाल लावला. अक्षरझेप जिंकली तर ती घ्यायची आणि वाचनाचा तास बंद. तास जिंकला तर अक्षरझेपला रामराम. कंपनीचा चिराग नावाचा पोरगेला प्रतिनिधी होता, त्यानं एका तुकडीपुरते टॅबलेट वापरायला देतो म्हणून आनंदानं कबूल केलं. त्याला कोल्हापूर नवीन होतं.

आता खरी चूक कुठं झाली ते सांगतो. त्रिशलाबाईंचं म्हणणं होतं की दोन्ही तुकड्या एकत्र करून पोरागणिक चिठ्ठ्या टाकाव्यात. पण तसं केलं तर पोरांच्या सुट्टीच्या वेळा बदलणार आणि रिक्षांच्या फेऱ्या मोडणार. आणि त्या शाळेत आबांपासून शिपायापर्यंत कुणाचीही रिक्षावाल्या मामांशी वाद घालायची छाती नव्हती. मामांच्या पहिल्या फेरीत वरच्या गल्लीची पोरं यायची, ती अ तुकडी. दुसऱ्या फेरीत खालच्या गल्लीची, ती ब तुकडी. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. तेव्हा तुकड्या आहेत तशाच राहू द्या, टॉस करू, असं ठरलं, आणि अनुजानंही त्याला मान डोलावली.

गगनबावड्याच्या मुलीला काय माहीत, वरची गल्ली आणि खालची गल्ली म्हणजे काय ते. गणपतीची मूर्ती कुणाची उंच, फुटबॉलला गोल कुणाचे जास्त, रस्सीखेचीत कुणी कुणाला ओढलं, इतकंच काय, पाण्याचा टँकर आधी कुठल्या गल्लीत शिरला, यावरसुद्धा त्या दोन गल्ल्या हिशेब ठेवून होत्या. एकमेकांच्या लग्नात पंगतीला मांडीला मांडी लावून बसतील, पण पाण्याचा ग्लास आधी कुणापुढं ठेवला हे बघूनच.

त्यात टॉस करायचं काम उदयसिंहांकडं आलं. बंद खोलीत नाणं उडवून कागदावर लिहायचं एवढंच काम. पण उदयसिंहांनी टॉस हा शब्द ऐकला, आणि पुढचं त्यांच्या हातात राहिलं नाही. शाळा सुटायच्या वेळेला, मैदानाच्या मधोमध, गळ्यात शिट्टी, हातात माइक, दोन्ही तुकड्यांचे मॉनिटर समोरासमोर, आणि फाटकाला दोन्ही गल्ल्यांचे पालक लटकलेले. नाणं वर गेलं, खाली आलं, आणि टॅबलेट अ तुकडीला मिळाले. वरच्या गल्लीनं शिट्ट्या मारल्या. खालच्या गल्लीची धोंडुबाई, जी दोन म्हशी आणि एक नातू सांभाळायची, ती पदर खोचून एवढंच म्हणाली, बघून घेऊ. अनुजाला ते ऐकूच आलं नाही. ती टॉस चुरशीचा झाला म्हणून टाळ्या वाजवत होती.

ठरल्याप्रमाणं आधीची परीक्षा झाली, मग अ तुकडी टॅबलेटवर बसू लागली आणि अनुजा फक्त ब तुकडीला तास घेऊ लागली. धोंडुबाईचा नातू राजवीर ब मध्येच होता. जोडाक्षर समोर आलं की हे पोरगं पाणी प्यायला जायचं. अनुजानं त्याच्यासाठी सगळे उपाय करून बघितले होते. आणि एके दिवशी तिनं फळ्यावर 'ग्रामस्थ' लिहिलं, तर राजवीर मागच्या बाकावरून सरळ वाचून मोकळा झाला. तिला वाटलं चुकून लागलं. तिनं 'स्नेहसंमेलन' लिहिलं. तेही वाचलं. तिनं हाताला येईल ते लिहिलं, आणि पोरगं वाचतच सुटलं.

त्या दिवशी अनुजा जमिनीवर चालत नव्हती. स्टाफरूममध्ये तिनं उदयसिंहांच्या शिट्टीत फुंकर मारली. आईला फोन लावून म्हणाली, काकांना सांग, स्टूल दुसऱ्या कुणाला द्या. त्रिशलाबाईंनी, अजून चाचणी संपायची आहे, अशी आठवण करून दिली, तर तिनं त्यांना मिठीच मारली. पर्सच्या चेनीत तिची ओढणी अडकली. रोज ब तुकडीतलं एखादं नवं पोर वाचू लागत होतं, आणि अनुजा मनातल्या मनात स्वतःच्या तासाचं संशोधन लिहीत होती.

मग तिनं सहज राजवीरला विचारलं, एवढे अवघड शब्द तू शिकलास कुठं. त्यानंही सहज सांगितलं. "फ्लेक्सवर की बाई. कार्यसम्राट येतंय मला. आधारस्तंभ बी येतंय. म्हातारी रोज एक फ्लेक्स वाचल्याबिगर घरात घेत न्हाय."

संध्याकाळी ती खालच्या गल्लीत गेली. दूध कट्ट्यावर म्हशींच्या धारा काढणं चाललं होतं, आणि ग्लास हातात घेऊन उभ्या गिऱ्हाइकांपुढं एक पोरगी वर्तमानपत्रातली श्रद्धांजलीची पानं खणखणीत वाचत होती. पुढं तालमीच्या हॉलमध्ये गेली तर ती दारातच थबकली. गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या, आणि अख्खी ब तुकडी आपापल्या माणसांना घेऊन जमिनीवर बसलेली. कुणाचे वडील, कुणाची आत्या, कुणाचा लंगोट लावलेला चुलता. एक पोर वाचणार आणि चार मोठी माणसं कान देऊन ऐकणार. पोर अडलं की चौघंही तोंड पुढं करून ओठ हलवायची, पण शब्द कुणी सांगायचा नाही, असा नियम होता. वाक्य सुटलं की हॉलभर "हाण की" चा गजर व्हायचा.

हे कधीपासून चाललंय, तिनं धोंडुबाईला विचारलं.

"टॉस हरलो त्याच दिसापास्नं. औषीद त्यांस्नी दिलंसा, आमास्नी निसतं बसीवलंसा. म्हटलं, बिनऔषिदाचं बी पळून दावू."

आणि वरची गल्ली? वरच्या गल्लीलाही वास लागला होता. धोंडुबाईनं हात झाडून सांगितलं, की त्यांच्यात टॅबलेट असूनही त्या संयोगितानं पोरांना शिकवायला गच्चीवर मास्तर बसवलाय, त्यांची बातमी आपल्याला आणि आपली त्यांना रोज पोचते.

अनुजा हॉलच्या पायरीवर बसली आणि आधी हसत सुटली. इतकी हसली की त्या लंगोटवाल्या चुलत्यानं तिला पाणी आणून दिलं. पाणी पिता पिता तिला पुढचं सुचलं. आपल्या तासानं काय केलं, तर कदाचित काहीच नाही. अक्षरझेपनं काय केलं, तेही आता कुणाला कधीच कळणार नाही. तिच्यासमोर राजवीर 'विश्वस्त' वाचत होता, आणि तिला त्याचा आनंदही होत होता आणि स्वतःचं वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

चाचणी बिघडली, हे तिनं त्रिशलाबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, आबांना आत्ताच्या आत्ता सांग. तिनं आबांना गाठलं, पण आबा मैदानावर मांडव घालून घेत होते. निकाल लागू दे, मग बोलू, एवढंच ते म्हणाले आणि मांडववाल्याकडं वळून ओरडले.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी उरलंसुरलंही गेलं. परीक्षा घ्यायला त्रिशलाबाईंच्या ओळखीच्या ऐश्वर्याबाई हातकणंगल्याहून आल्या होत्या, ज्यांना कुठलं पोर कुठल्या तुकडीचं हे कळू द्यायचं नव्हतं. अनुजाला म्हणून शाळेबाहेर थांबवलं होतं. तर खालच्या गल्लीची पोरं पिवळे टी-शर्ट घालून उतरली, पाठीवर छापलेलं, 'खालची गल्ली वाचन संघ'. वरची गल्ली गप्प बसते काय. त्यांनी लाल फेटे बांधले होते. ऐश्वर्याबाईंनी नियमाप्रमाणं डोळे मिटून ऐकायचं ठरवलं, पण प्रत्येक पोर सुरू करण्याआधी गल्लीच्या नावानं ललकारी देत होतं.

निकालाच्या सकाळी मैदान भरलं. हलगी आली होती, ती कुणी सांगितली ते शेवटपर्यंत कळलं नाही. उदयसिंहांनी शिट्टी मारली आणि माइकवरून वाचलं. दोन्ही तुकड्यांची मजल भलतीच मोठी होती, कोल्हापुरात दुसरीची पोरं इतकी कुणी वाचताना ऐकली नव्हती. पण ब तुकडी पुढं होती. चांगली पुढं होती.

मग काय विचारता. हलगी कडाडली, गुलाल उडाला, पिवळे टी-शर्ट खांद्यांवर चढले. धोंडुबाईनं अनुजाच्या दोन्ही गालांना गुलाल फासला आणि बायकांनी तिला मधे घेऊन फेर धरला. चिरागचा पांढरा शर्ट गुलाबी झाला होता आणि तो बिचारा कुणाच्या तरी आग्रहानं नाचतही होता. अनुजा जिंकली होती. सगळं मैदान तिच्या तासाचं नाव घेत होतं, आणि तिला एक क्षण असं वाटलं की आता कशाला बोलायचं. नाचावं, आणि सोमवारी तासाला जावं. तिला ते फार फार हवं होतं. मग तिला आठवलं, त्या पाच संशोधनांना त्या तिघांनी किती हसून घेतलं होतं.

ती फेरातून सुटली, मांडवातल्या स्टेजवर चढली आणि उदयसिंहांच्या हातातून माइक घेतला. गुलालानं भरलेल्या कोल्हापुरी जमावाला तुम्ही जिंकला नाहीत असं सांगणं हे काम कुणाच्या वैऱ्यावर येऊ नये. तिनं सांगितलं. ही जीत तिच्या तासाची नाही. घरोघरी आणि तालमीत माणसं पोरांना घेऊन बसली, दोन्ही गल्ल्यांत बसली, तेव्हा तास चांगला की टॅबलेट चांगला, हे यातून काहीही ठरत नाही. हलगीवाल्यानं सवयीनं आणखी एक थाप मारली आणि तो थांबला.

"म्हंजे मॅच रद्द?" आबांनी विचारलं.

"रद्द, आबा."

खालच्या गल्लीतून असा आवाज निघाला की चिराग खुर्चीमागं गेला. पण आबा खेळाडू माणूस, ते उठले आणि हात वर केला. रद्द तर रद्द, म्हणाले. पण रद्द म्हणजे फेरमॅच. जूनमध्ये परत सुरू करायची, या वेळी पोरागणिक चिठ्ठ्या टाकून, रिक्षावाल्यांशी ते स्वतः बोलतील. आणि ती घेणार कोण, तर ही बाई. ती संपेपर्यंत तिचा तास चालू. खरं बोलून वर अख्खं वर्ष पदरात पडलं होतं.

तेवढ्यात धोंडुबाई पुढं आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "मग बाई, फेरमॅच हुईस्तवर पोरास्नी घरात वाचाय लावायचं का बंद करायचं? का आमच्यापायी परत घोटाळा हुईल?"

सगळं मैदान अनुजाकडं बघायला लागलं. घोटाळा होणार होता, यात शंकाच नव्हती. बंद करा, एवढं ती म्हणाली असती, तर या माणसांनी केलं असतं. गल्लीच्या शब्दाला जागून तालमीच्या हॉलला कुलूप लावलं असतं आणि वरच्या गल्लीची गच्चीही बंद आहे का ते रोज जाऊन बघितलं असतं. चाचणी स्वच्छ झाली असती आणि अनुजा वर्षभर राहिली असती. त्रिशलाबाई पहिल्या रांगेत बसून तिच्याकडंच बघत होत्या. राजवीर कुणाच्या तरी खांद्यावर बसून मांडवाच्या कापडावरचं मांडववाल्याचं नाव वाचत होता.

"बंद करू नका," ती म्हणाली. "रोज बसा. कुणी सांगितलं तरी थांबू नका."

"आन फेरमॅच?" आबा म्हणाले.

"या दोन गल्ल्यांत आता ती व्हायची नाही, आबा."

"मग तुझा तास कशाच्या जिवावर ठेवू, सांग."

कशाच्याच नाही, असं म्हणून तिनं माइक खाली धरला. तिला रडू येत होतं, आणि गुलालामुळं ते कुणाला दिसत नव्हतं एवढंच बरं होतं.

तेवढ्यात वरच्या गल्लीच्या घोळक्यातून संयोगिता पुढं आली. लाल फेटा तिनंही बांधला होता. तिनं आबांना विचारलं, की हा कुठला न्याय. ब तुकडीला घरचं वाचनही मिळालं आणि बाईही मिळाल्या, आणि त्यांच्या पोरांना मात्र नुसते टॅबलेट. आधी बाई दोन्ही तुकड्यांच्या होत्या, टॉसमध्ये गेल्या. त्या परत पाहिजेत, आणि सोमवारपासून पाहिजेत.

आमच्या बाई कुठं जाणार नाहीत, असं खालच्या गल्लीनं एका दमात कळवलं. मग वरच्या गल्लीनं सांगितलं, की तुमच्या कशा. मग दोन्ही गल्ल्या मांडवापर्यंत आल्या. अनुजा माइकवर ओरडून सांगत होती, की माझा तास सिद्ध झालेला नाही, ऐका, काहीच सिद्ध झालेलं नाही. धोंडुबाईनं तिच्या हातातून माइक काढून घेतला.

"बाई, तुमी गप बसा," ती म्हणाली. "ह्यात तुमचं काय काम न्हाय."

आबा खुर्चीवर टेकले. त्यांनी गुलाल झटकला आणि कपाळ पुसत शेजारी बसलेल्या त्रिशलाबाईंना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाले, पण शेजारी उभ्या धोंडुबाईच्या हातातला माइक चालू होता आणि ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"इतकी वर्सं दूध घेतोय. अजून एक माणूस म्हणला न्हाय, आबा, माझ्या दुधात पाणी असंल, परत तपासा. ही पोरगी म्हणली. हिला घालवून मी कुणाला ठेवू?"

त्रिशलाबाईंनी मान हलवली आणि पर्सच्या बरोबर त्या कप्प्यातून रुमाल काढून मांडवात उभ्या असलेल्या अनुजाकडं धरला. अनुजानं तो घेतला आणि तोंड पुसायला गेली, तर गुलाल डोळ्यांत गेला. खाली दोन्ही गल्ल्या सोमवारचा पहिला तास कुणाचा यावर भांडत होत्या, आणि ती डोळे चोळत, रडत, हसत त्यांना सांगत होती की दोन्हीकडं येते, दोन्हीकडं येते.